शिमग्याला सांगा

आमच्या घरमालकांकडे तक्रार करायची सोय वर्षातून एकदाच होती. होळीच्या दिवशी, सूर्य मावळताना, अंगणात सगळ्यांसमोर, तोंडावर उलटा हात ठेवून. एरवी नळ गळो, कौल फुटो, नाहीतर संडासाच्या दाराची कडी निघून हातात येवो, मालक ओट्यावरच्या खुर्चीतून न उठता एवढंच म्हणत, "शिमग्याला सांगा."

नव्या भाडेकरूला वाटे, हा माणूस आपल्याला टोलवतोय. मलाही तसंच वाटलं. सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर जयसिंगपूरचं, सासर गारगोटीचं आणि ह्यांची नोकरी कोल्हापुरात एका कचेरीत. लग्न झालं आणि मी आले ती थेट मालकांच्या बैठ्या चाळीतल्या पाच नंबरच्या खोलीत. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला खिडकी नाही. रॉकेल रेशनवर, त्यामुळे स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. शेगडी पेटली की धूर आधी आढ्यापर्यंत जायचा, तिथे काही सोय नाही म्हणून खाली यायचा आणि माझ्या डोळ्यांतून बाहेर पडायचा. पहिल्याच महिन्यात माझे डोळे असे लाल झाले की शेजारणी हळूच विचारायच्या, नवरा हात उचलतो का म्हणून. हे बिचारे इतके गरीब की भाजीवाल्याला "जरा ताजी द्या" म्हणायचं धाडस त्यांना होत नसे, आणि मी म्हणजे आवाज न करता भांडी घासायला शिकवलेल्या घरातली मुलगी. अशा दोघांना घरमालक मिळाला तो बोंब मारल्याशिवाय ऐकून न घेणारा.

मालक जन्मभर कोर्टात पट्टेवाले होते. त्यांचं काम पुकाऱ्याचं. व्हरांड्यात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं आणि शेवटी "हाजिर होऽऽ" लावायचं. त्यांचा आवाज असा होता की त्यांनी दूधवाल्याला हाक मारली तर दोन गल्ल्यांतल्या बायका पातेली घेऊन बाहेर यायच्या. निवृत्त होताना छातीवरचा पितळी बिल्ला सरकारजमा करावा लागला, त्याचं दुःख त्यांना पगार थांबल्यापेक्षा जास्त झालं. मग त्यांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तसाच बिल्ला बनवून घेतला. तो ते सणासुदीला लावत.

आम्हा भाडेकरूंना त्यांनी नावं ठेवली नव्हती, आकडे ठेवले होते. मी खोली नंबर पाच. माझा नवराही खोली नंबर पाच. आमच्याकडे कुणी आलं की मालक फाटकापाशी त्याला थांबवून आधी पुकारा करत. एकदा माझा भाऊ जयसिंगपूरहून आंबे घेऊन आला. मी दाराशी पोचायच्या आत अंगणात घोषणा झाली, "खोली नंबर पाऽऽच! जयसिंगपूरचं पावणंऽऽ! संगट आंब्याची पेटीऽऽ!" पेटी आमच्या उंबऱ्यावर टेकली तेव्हा सहाही खोल्यांतली माणसं ख्यालीखुशाली विचारायला हजर होती. भावाच्या वाट्याला त्यातला एक आंबा आला.

मालकांचं एक ठाम मत होतं. "कुजबुज म्हंजे कागाळी. बोंब म्हंजे तक्रार." खालच्या आवाजात सांगितलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही, निदान ते तसं दाखवत. त्याच्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि ती ते सगळ्यांना सांगत, फक्त कोर्ट कुठलं ते सांगत नसत. एकदा ते रजेवर असताना बदली पट्टेवाल्याने एका म्हातारीचं नाव पुकारलं, ते इतकं पुटपुटत की व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला काही ऐकू गेलं नाही. पक्षकार गैरहजर म्हणून तिचा दावा निकालात निघाला. ती संध्याकाळपर्यंत तिथेच भाकरीचं गाठोडं घेऊन बसून होती. "माज्या रजेच्या दिवशी," मालक म्हणत. त्यानंतर त्यांनी एकही रजा घेतली नाही म्हणे. त्यांच्या आवाजाची मी कितीही टिंगल केली तरी ही गोष्ट ऐकताना मला हसू आलं नाही.

एवढा सगळा आवाज असलेला हा माणूस आपल्या बायकोला मात्र कधी हाक मारत नसे. मालकीणबाईंना आम्ही मामी म्हणायचो. मामी कोल्हापूरच्या बायकांच्या रीतीने "मी आलो, मी गेलो" असं बोलायच्या आणि फार कमी बोलायच्या. मालकांच्या खुर्चीशेजारी एक पितळी फुलपात्र असे. ते ओट्याच्या फरशीवर दोनदा आपटलं की चहा, तीनदा आपटलं की जेवण, आणि एकदा आपटून खाकरलं की पायताण. मामी बरोबर ती वस्तू घेऊन बाहेर येत. मला सुरुवातीला याची गंमत वाटे. मग एकदा मनात आलं की आमचे हे मला "अगं" म्हणतात आणि मी ह्यांना "अहो" म्हणते, म्हणजे आमच्याकडे फुलपात्र तेवढं नाही.

पहिल्या वर्षी होळी आली. आमच्या चाळीची होळी म्हणजे मधोमध एरंडाची फांदी, भोवती शेणी आणि लाकडं, एक ऊस, आणि गल्लीतल्या पोरांनी रात्रीतून कुणाकुणाच्या अंगणातून पळवलेलं काय काय. त्या वर्षी त्यात माझा नवा कोरा पाट होता. होळीत गेलेलं मागायचं नाही, असा रिवाज. बायकांनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि आम्ही मागे सरलो. टिमक्या थांबल्या. मालक छातीवर पत्र्याचा बिल्ला लावून होळीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी खोल्या पुकारायला सुरुवात केली. ज्याची खोली, त्याने पुढे यायचं, एक कडक बोंब ठोकायची आणि एका वाक्यात तक्रार सांगायची. बोंब पटली नाही तर मालक कानामागे हात धरून "पुन्हा" म्हणत. पटली की "मंजूर". आणि मंजूर झालेली प्रत्येक गोष्ट रंगपंचमीच्या आत दुरुस्त. पाच दिवसांत. सहावा दिवस नाही. व्यवस्थित मारलेली बोंब त्यांनी कधी फेटाळली नाही आणि पंचमीची मुदत कधी चुकवली नाही, हे सगळी चाळ शपथेवर सांगायची.

यात खरी अडचण धुळवडीची. त्या दिवशी कोल्हापुरात गवंडी मिळत नाही की सुतार मिळत नाही, कारण अख्खं गाव मटणाच्या रांगेत असतं. मालक सकाळी उठून त्या रांगेतच जात, माणसं हेरत, आणि हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गवंड्याचा खांदा धरून म्हणत, "मटण खावा, झोपा, आन् उद्या सकाळी या." पंचमीला मग त्यांनी स्वतः काढलेली एक रीत असे. पहिला रंग माणसावर टाकायचा नाही, दुरुस्त झालेल्या वस्तूवर टाकायचा. ते रंगाची बादली घेऊन फिरत. नव्या नळावर एक तांब्या, बदललेल्या कौलावर एक, दाराच्या कडीवर चार थेंब. ते झालं की मग चाळीने एकमेकांना भिजवायचं. आमच्या संडासाच्या दारावर किती वर्षांचे गुलाबी डाग होते ते मला अजून आठवतं.

तर त्या पहिल्या वर्षी पाच नंबरचा पुकारा झाला आणि हे पुढे गेले. ह्यांनी डोळे मिटून बोंब मारली. खरं सांगायचं तर ह्यांच्याकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती. "स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे, फार धूर होतो," असं सांगून हे मोकळे झाले.

मालकांनी विचारलं, "धूर कुणाच्या डोळ्यांत जातोय?"

"हिच्या."

"मग हिनं बोंबलावं. कोर्टात वकील चालतो, शिमग्यात न्हाय. पक्षकार स्वतः हजर पायजे."

मी पदर पुढे ओढून घरात पळाले. आमच्या माहेरी बायका होळीला नारळ वाहत, बोंब मारत नसत, आणि सासरी तर सूनबाईचा आवाज माजघराच्या बाहेर गेला की त्याची चर्चा व्हायची. त्या चाळीतही आजवर एकाही बाईने बोंब मारली नव्हती. खिडकी एक वर्ष पुढे गेली.

ते वर्ष मी धुरात काढलं. मालकांचा इतका राग आला होता की ओट्यासमोरून जाताना मी मान फिरवायची. एकदा मामी वाल सोलायला माझ्याजवळ बसल्या होत्या, तेव्हा मी भडकून म्हटलं की एवढी एक खिडकी पाडायला यांचं काय जातं.

मामी शांतपणे म्हणाल्या, "तुजी मागची भिंत कुठं उघडती बघ की. सरळ त्येंच्या खुर्चीवर. खिडकी झाली की सगळा धूर त्येंच्या तोंडावर. त्येंला ठावं हाय."

"म्हणून पाडत नाहीत तर."

"न्हाय गं. तू बोंबलावंस म्हणून वाट बगाय लागल्यात. बोंबललीस की पाडणार."

मी बाहेर डोकावून पाहिलं. मालक खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते.

माघ महिन्यात मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की यंदा बोंब मीच मारणार, आणि तरीही खिडकी झाली नाही तर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी जयसिंगपूरच्या गाडीत बसेन, तुम्ही खानावळीत डबा लावा. हे घाबरले. बोंबेचा सराव करायला हवा, पण करायचा कुठे? चाळीत केला तर सगळे धावत येणार. शेवटी एका रविवारी आम्ही एसटीने पन्हाळ्याला गेलो. लोक पन्हाळ्यावर हवा खायला जातात, आम्ही बोंबलायला गेलो. तटावर एक मोकळी जागा बघितली, खाली दरी, आसपास कुणी नाही. मी तोंडावर उलटा हात ठेवला. पहिला आवाज आला तो उचकी लागल्यासारखा. दुसरा जरा बरा. पाचव्या खेपेला मी डोळे मिटून "खिडकीऽऽ" म्हणून जी ओरडले, त्यासरशी मागून पळत येणाऱ्या पायांचे आवाज आले. शेंगा विकणारी एक बाई, फिरायला आलेली दोन कॉलेजची पोरं आणि काठी टेकत येणारे एक पेन्शनर.

"कोण पडलं?" पेन्शनरांनी तटावरून खाली वाकून विचारलं.

"कुणी नाही," हे म्हणाले. "सराव चाललाय."

"कसला?"

"बोंबेचा."

दुसऱ्या कुठल्या गावची माणसं असती तर आम्हाला वेड्यात काढून निघून गेली असती. इथे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्यांना आक्षेप होता तो माझ्या पद्धतीवर. शेंगावालीने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "गळ्यातनं नगं काढू बाई, पोटातनं काढ. गळ्यातली बोंब शेजारच्या दारापतोर बी जात न्हाय." आणि तिने एक मारून दाखवली. तटावर ऊन खात पडलेलं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. मग पोरांनी एकेक मारली, पेन्शनरांनीही काठी बगलेत धरून एक मारली, आणि परतीच्या गाडीत माझा घसा असा बसला होता की कंडक्टरकडे तिकीट ह्यांनाच मागावं लागलं.

होळीला सासूबाई गारगोटीहून आल्या आणि माझा धीर खचला. सासूबाईंसमोर मी आजवर मोठ्याने शिंकलेही नव्हते. त्या चार दिवस आधी आल्या आणि सुनेला मदत म्हणून स्वयंपाकघरात बसल्या. चौथ्या दिवशी पुरण वाटताना त्यांचेही डोळे माझ्यासारखेच झाले होते, पण त्या पदराने डोळे पुसून वाटत राहिल्या.

संध्याकाळी नैवेद्य झाला. मालकांनी बिल्ला लावला. एक नंबरने मोरीसाठी बोंब मारली, दोन नंबरने कौलासाठी, चार नंबरने उंबऱ्यासाठी, सगळं मंजूर. तीन नंबरला त्या वर्षी तक्रार नव्हती, तो उगाच हौसेने एक मारून गेला.

"खोली नंबर पाऽऽच! हाजिर होऽऽ!"

हे मागे सरले. मी पुढे झाले. मी पदर खोचला, उलटा हात तोंडावर नेला, आणि पन्हाळ्यावरचं सगळं विसरले.

मालकांनी कानामागे हात धरला. "पुन्हा."

दुसऱ्यांदाही उचकीच निघाली.

"पुन्हा."

मी रडायच्या बेताला आले होते. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं जोरात बोंबल की! मला बी धूर लागतोय!"

मग मात्र ती पोटातून निघाली. बोंब कसली, वर्षभराचा धूरच बाहेर पडला. "खिडकी पाहिजेऽऽ! डोळे गेले माझेऽऽ!" असं मी म्हटल्याचं मला सांगतात, मला स्वतःला फक्त एवढं आठवतं की मालकांच्या चेहऱ्यावर, कोर्टात आपल्या बाजूचा निकाल लागावा तसा आनंद पसरला होता.

"मंजूर," ते म्हणाले.

सहा नंबरमध्ये एकटा राहणारा कंपाउंडर काही तक्रार नाही म्हणाला. मालक बिल्ला काढायला लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मामी बाहेर आल्या.

"बिल्ला ऱ्हाऊ द्या. मी हाय अजून."

"तू काय भाडेकरू हाईस?" मालक म्हणाले.

"भाडेकरू बरं की. वर्सातनं एकदा तरी त्येंचं ऐकतासा."

आणि मामींनी तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षं पुकाऱ्याच्या घरात काढलेल्या बाईची ती बोंब होती. तिला "पुन्हा" म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. "लग्नात माजं नाव बदललं. आईबानं ठेवल्यालं चांगलं नाव हुतं. ह्येंनी हौसेनं नवीन ठेवलं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं. आन् चाळीस वर्सं झाली, त्या नावानं एकडाव बी हाक न्हाय. सगळ्या जिल्ह्याची नावं पुकारून झाली, माजंच ऱ्हायलं. भांडं आपटलं की मी येतो. वापरायचं न्हवतं तर बदललं कशाला? हाक तरी मारा, न्हाईतर माजं जुनं नाव मला परत द्या."

होळीतला ऊस तडतडला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे होळीकडे बघत होते.

कुणीतरी विचारलं, "नाव काय ओ मामी?"

"मी न्हाय सांगणार. ज्येंनी ठेवलं त्येंनी सांगावं."

मालकांनी बिल्ला चाचपला. बोंब रीतसर होती. फेटाळता येत नव्हती. शेवटी त्यांनी ओठ हलवले.

"ऐकू आलं न्हाय," मामी म्हणाल्या.

"मंजूर."

शिमगा जातो आणि कवित्व उरतं म्हणतात, ते त्या पाच दिवसांत अनुभवलं. चाळीला दुसरा विषय नव्हता. मामींचं नाव काय असेल? एक नंबरचे मास्तर म्हणाले राधाबाई. चार नंबरच्या बाईंचं मत पडलं अनसूया. कंपाउंडर रेशनकार्डावर बघून येतो म्हणाला, तर तिथे नुसतं "पत्नी" लिहिलेलं निघालं. सासूबाई गारगोटीला परत जाणार होत्या, त्यांनी मुक्काम पंचमीपर्यंत वाढवला.

मालकांची अवस्था वाईट होती. धुळवडीच्या दिवशी त्यांनी सवयीने फुलपात्र दोनदा आपटलं. मामी बाहेर आल्या, फुलपात्र उचललं, आत नेलं, राखेने लख्ख घासलं आणि परत आणून ठेवलं. चहा नाही. दुपारी तीनदा आपटलं. पुन्हा घासून आणलं. संध्याकाळपर्यंत ते फुलपात्र इतकं चकाकत होतं की त्यात मालकांना स्वतःचं तोंड दिसत असेल. जेवण वेळेवर पानात पडे, मामी रागावलेल्या नव्हत्या, फक्त भांडं आपटलं की भांडंच घासायचं असा त्यांनी नेम धरला होता.

तिसऱ्या दिवशी गवंडी आला आणि माझी खिडकी झाली. विटा निघाल्या आणि स्वयंपाकघरात उजेड आला तेव्हा मला कळलं की माझी भिंत मुळात पांढरी होती. खिडकीच्या पलीकडे, दोन हातांवर, मालकांची खुर्ची. मी शेगडी पेटवली. धूर आज्ञाधारकपणे बाहेर निघाला आणि त्यांच्या तोंडावर गेला. मला ओशाळल्यासारखं झालं.

"मालक, खुर्ची जरा पलीकडे घ्या ना."

"मंजूर केल्यावर खुर्ची हालवायची म्हंजे अपील केल्यासारखं हाय," ते खोकत म्हणाले. ती खुर्ची त्यांनी शेवटपर्यंत हलवली नाही.

थोड्या वेळाने ते खिडकीशी आले. "खोली नंबर पाच, एक विचारतो. लेखी दिलं तर चालंल का?"

"लेखी अर्ज तुम्हीच घेत नाही, मालक."

"व्हय. ते बी खरंच." ते परत बसले. मी पोळ्या लाटत होते आणि त्यांच्याकडे न बघता ऐकत होते. "नाव झ्याक हाय ओ. कोर्टात एका दाव्यात त्या नावाची बाई हुती. मी तवा नवीन हुतो. पुकारा केला आन् आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन परत आला. तवाच ठरवलं, बायको केली की तिला हेच नाव. हाक मारायला असं दुसरं नाव न्हाय."

"मग मारा की हाक."

"आधी आई-बा हुतं. त्यांच्या म्होरं बायकोचं नाव कसं घ्यायचं? ती गेली तवर भांड्याची सवय लागल्याली. आन् दुसरं..." ते थांबले. "माज्या पुकाऱ्यानंतर आत गेल्यालं माणूस हसत भाईर आल्यालं मी लई कमी बगितलं. घरातल्या माणसाला तशी हाक मारू वाटंना."

माझी पोळी तव्यावर जळली. वर्षभर ज्यांचा राग राग केला, त्या माणसाची मला त्या दिवशी फार दया आली. मी खिडकीतून चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पंचमीपर्यंत भाडेकरूकडून काही घेणं बरोबर दिसणार नाही, म्हणाले.

चौथ्या दिवशी मामी देवळात गेल्या असताना मालक रिकाम्या दाराकडे तोंड करून उभे होते. ओठ हलत होते. आवाज नव्हता. जिल्ह्याभरातली माणसं पुकारून घसा न बसलेला हा माणूस चार पावलांवरच्या चौकटीपुढे हरला होता.

पंचमीच्या सकाळी सगळी चाळ रंग कालवून अंगणात उभी होती. मालकांनी बादली घेतली. एक नंबरच्या मोरीवर तांब्या ओतला, कौलावर उडवला, उंबऱ्यावर ओतला, माझ्या खिडकीच्या चौकटीवर चार बोटं उमटवली. मग थांबले. एक दुरुस्ती राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय कुणालाच कुणावर रंग टाकता येत नव्हता. पोरं पिचकाऱ्या भरून ताटकळत होती. मामी आत तांदूळ निवडत बसल्या होत्या, सुपाचा आवाज येत होता.

मालक घरात गेले आणि बिल्ला लावून बाहेर आले. ओट्याखाली उभे राहिले, पाय जुळवले, खाकरले. आणि माझ्या उचकीसारखा एक आवाज निघाला.

आतून मामी म्हणाल्या, "पुन्हा."

सुपाचा आवाज थांबला होता. मालकांनी घाम पुसला. दुसऱ्यांदा नाव अर्धं ऐकू आलं, "...रमा" असं काहीतरी. मास्तर घाईने म्हणाले, रमाबाई! सासूबाईंनी त्यांना गप्प केलं.

"पुन्हा."

मालकांनी डोळे मिटले. शेंगावाली म्हणाली होती तसा त्यांनी आवाज पोटातून काढला. "मनोऽऽरमाऽऽ! मनोऽऽरमाऽऽ! मनोऽऽरमाऽऽ! हाजिर होऽऽ!" कौलांवरची कबुतरं उडाली. पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं, कुणाचा दावा लागलाय म्हणून.

मामी उंबऱ्यात आल्या. सावकाश. पदर नीट करत. "हाजर हाय," म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा हसत होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण मालक तेवढंच बघत होते. मामींनी मालकांच्या पायाशी ठेवलेली बादली उचलली.

"पयला रंग दुरुस्त झाल्याल्या वस्तूवर टाकायचा न्हवं?" त्यांनी विचारलं, आणि अख्खी बादली मालकांच्या डोक्यावर ओतली.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला नावाने हाक मारली. इतक्या हळू, की मला वाटलं मांजराला बोलावताहेत. मी "पुन्हा" म्हटलं.

मालकांचं फुलपात्र त्या दिवसापासून फक्त पाणी प्यायच्या कामाला उरलं. पुढचं वर्षभर आम्ही माझ्या खिडकीतून एकच नाव ऐकत होतो. चहाला मनोरमा, जेवायला मनोरमा, पायताणाला मनोरमा, आणि काही नको असलं तरी मनोरमा. सकाळी पाचला दूधवाल्याच्या आधी मनोरमा. पुढच्या होळीला मालकांनी सहाही खोल्या पुकारल्या आणि मामी पुन्हा पुढे आल्या. त्यांनी कडक बोंब मारली आणि सांगितलं, "हाका जरा कमी करा. चाळीस वर्सांच्या एका वर्सात मारून संपवाय लागलासा. काम हुईना माजं."

बोंब रीतसर होती. सगळी चाळ मालकांकडे बघत होती. मालकांनी बिल्ला सरळ केला, मामींकडे एकदा नीट बघितलं आणि सांगितलं, "फेटाळली."

आम्ही तिथे आणखी आठ वर्षं होतो. त्यांनी फेटाळलेली तेवढी एकच तक्रार मला आठवते.